वायरलेस कीबोर्ड आणि माऊस निवडताना: खान्देशात संगणकावर दिवसभर काम करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जिनिंगच्या कार्यालयात हिशेब ठेवणारे कारकून, पीक विम्याच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत अर्ज भरणारे सेवा केंद्रचालक, न्यायालयाच्या आवारात दस्त टंकित करून देणारे टंकलेखक आणि अलीकडे घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम करणारी तरुण मंडळी, या सगळ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. संध्याकाळ झाली की मनगट भरून येते, उजवा खांदा ओढल्यासारखा वाटतो आणि बोटांना मुंग्या येतात. त्यावर उपाय म्हणून मंडळी दुकानात जातात किंवा मोबाइलवर शोध घेतात, आणि खोक्यावर ‘अर्गोनॉमिक’, म्हणजे शरीराला सोयीचे, असे छापलेली पहिली वस्तू घेऊन येतात. मी जळगावात हिशेबाचे आणि मराठी टंकलेखनाचे काम करतो. ही खरेदी मी स्वतःसाठी केली आणि नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांना करून दिली. त्या अनुभवातून मला खात्रीने सांगता येते की आधी स्वतःचा हात, टेबल आणि कामाचे स्वरूप मोजावे आणि मगच वस्तू पाहावी. हा क्रम पाळला तर पैसे वाया जात नाहीत.

खरेदीला निघण्यापूर्वी शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, कागद-पेन, आपण वापरत असलेल्या संगणकाच्या यूएसबी जागांचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि आपण मराठी कोणत्या मांडणीत टंकित करतो याची नोंद, एवढे साहित्य जवळ असू द्यावे.

१. दुखणे नेमके कुठे आहे ते ओळखा

कीबोर्ड आणि माऊस वापरताना मनगटावर तीन प्रकारे ताण येतो. सरळ कीबोर्डवर दोन्ही हात मध्यभागी आणावे लागतात, त्यामुळे मनगट करंगळीच्या दिशेला वाकते. हा पहिला प्रकार. कीबोर्ड उंच असला किंवा त्याचे मागचे पाय उघडलेले असले, तर पंजा मागे वर उचलला जातो, हा दुसरा. तळवा पूर्ण जमिनीकडे ठेवण्यासाठी कोपरापासून पुढचा हात पिळावा लागतो, हा तिसरा. बाजारात दिसणारी प्रत्येक वेगळ्या आकाराची वस्तू या तिन्हींपैकी एका किंवा दोन ताणांवर उपाय करते. तिन्हींवर सारखाच उपाय करणारी वस्तू क्वचित असते, म्हणून आपला ताण कोणता हे आधी कळायला हवे.

करंगळीच्या बाजूने मनगट दुखत असेल तर दुभागलेला किंवा वक्र कीबोर्ड उपयोगी पडतो. मनगटाचा वरचा भाग, म्हणजे घड्याळ बांधतो तो भाग, दुखत असेल तर कमी उंचीचा, सपाट कीबोर्ड हवा. फक्त उजवा खांदा आणि मानेची उजवी बाजू दुखत असेल तर दोष बहुधा कीबोर्डच्या रुंदीचा असतो, कारण नंबर पॅडच्या पलीकडे ठेवलेल्या माऊसपर्यंत हात दिवसभर लांबवावा लागतो. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल, म्हणजे जागचा न हलवता वरचा गोळा फिरवून चालवायचा माऊस, घेऊ नये; त्याने ते दुखणे वाढू शकते.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी झोपमोड होत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असेल, तर हे मनगटातील मध्यवर्ती मज्जातंतू दबल्याचे लक्षण असू शकते. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गरोदरपण यांत त्याची शक्यता वाढते. अशा वेळी आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. चांगल्या साधनांनी ताण कमी होतो, आजार बरा होत नाही. करंगळी बधिर होत असेल तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवण्याची सवय आहे का ते पाहावे, कारण करंगळीकडे जाणारा मज्जातंतू कोपराच्या आतील बाजूने जातो आणि कडक कडेवर तो दाबला जातो.

२. टेबल आणि खुर्ची मोजा

ही पायरी लोक वगळतात, आणि वगळल्यामुळे महागडा कीबोर्डही निरुपयोगी ठरतो. खुर्चीवर नेहमीसारखे बसावे, खांदे सैल सोडावेत, कोपरे बरगड्यांजवळ ठेवून हात काटकोनात वाकवावेत आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. बहुतेक प्रौढांच्या बाबतीत ते ६० ते ७० सेंटिमीटरच्या दरम्यान येते. आता टेबलाची उंची मोजावी. आपल्याकडे सुतार बनवतात ते किंवा फर्निचरच्या दुकानात मिळते ते टेबल साधारण ७५ सेंटिमीटरचे असते, म्हणजे कोपरापेक्षा पाच ते पंधरा सेंटिमीटर उंच. त्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा कीबोर्ड ठेवला की खांदे वर उचलले जातात आणि पंजे मागे वाकतात.

यावर तीन मार्ग आहेत. खुर्ची उंच करावी आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली लाकडी पाट ठेवावा. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. टेबलाखाली सरकता ट्रे बसवून घ्यावा; मात्र त्यावर कीबोर्डसह माऊसही मावला पाहिजे. कीबोर्ड खाली आणि माऊस वर अशी मांडणी मी अनेक कार्यालयांत पाहिली आहे, त्यात उजव्या हाताला दिवसभर चढ-उतार करावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे सुताराकडून टेबलाचे पाय कापून घेणे. स्वतःचे टेबल असेल आणि ते एकट्यानेच वापरायचे असेल, तर या मार्गाला घाबरण्याचे कारण नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना वेगळ्या कीबोर्डचा फायदा इतरांपेक्षा जास्त होतो, पण तो घेतल्यानंतर लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीजवळ आणली तरच. लॅपटॉप खालीच ठेवून त्याच्यापुढे कीबोर्ड ठेवला तर मनगट सुटते आणि मान अडकते.

३. कीबोर्डची रुंदी कामावरून ठरवा

नंबर पॅडसह असलेला पूर्ण आकाराचा कीबोर्ड सुमारे ४३ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो. नंबर पॅड नसलेला ३६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे माऊस तेवढाच शरीराजवळ येतो. ज्यांचे काम मुख्यतः लेखन, ईमेल आणि संकेतस्थळांवरील अर्ज भरण्याचे आहे, त्यांनी नंबर पॅड नसलेलाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनिसांची गोष्ट निराळी. कापसाच्या हंगामात काट्याच्या पावत्या, केळीच्या गाड्यांचे वजन, सराफ बाजारातील ग्रॅम-मिलीग्रॅम असे आकडे दिवसभर भरणाऱ्याला नंबर पॅडशिवाय काम करता येत नाही. अशांनी नंबर पॅड नसलेला कीबोर्ड आणि स्वतंत्र वायरलेस नंबर पॅड अशी जोडी पाहावी. आकडे भरताना नंबर पॅड उजवीकडे घ्यायचा आणि काम संपले की बाजूला सारून माऊस जवळ ओढायचा. काही जण तो डाव्या हाताखाली ठेवून शिकतात. मग उजवा हात माऊसवरच राहतो आणि सरावानंतर वेगही चांगला येतो.

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी येथे एक मोठा सापळा आहे. टॅलीत एफ-५ ने पेमेंट, एफ-६ ने रिसीट, एफ-८ ने सेल्स आणि एफ-९ ने पर्चेस उघडते, म्हणजे वरच्या रांगेवर बोट सतत जाते. अनेक लहान वायरलेस कीबोर्डांवर याच कळांना आवाज कमी-जास्त करणे, पडद्याचा उजेड वाढवणे अशी कामे दिलेली असतात आणि एफ-५ साठी सोबत ‘एफएन’ कळ दाबावी लागते. प्रत्येक व्हाउचरला दोन कळा दाबण्याचा त्रास काही दिवसांतच जाणवतो. दुकानदाराला विचारा की ‘एफएन लॉक’, म्हणजे एफएन न दाबता एफ-कळा चालण्याची सोय, आहे का, आणि तो तेथेच चालू करून दाखवायला सांगा.

४. मराठी टंकलेखनाचा विचार करा

इंटरनेटवर कीबोर्डविषयी जे सल्ले वाचायला मिळतात ते जवळजवळ सगळे इंग्रजी टंकलेखन गृहीत धरून दिलेले असतात. आपले काम मराठीत असेल तर बोटांवरचा भार वेगळ्या रीतीने वाटला जातो, आणि त्याचा निवडीवर थेट परिणाम होतो.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला तर बहुतांश व्यंजने उजव्या हाताला आहेत. त्यातही उजव्या करंगळीकडे ज, ड, च, ट आणि य येतात. शिवाय एंटर, बॅकस्पेस आणि उजवी शिफ्ट ही कामेही तिच्याकडेच. ‘चटकन’, ‘जयंती’, ‘चाळीसगाव’ असे शब्द टंकित करून पाहा आणि करंगळी कुठे-कुठे जाते ते बघा. लहान आकाराच्या स्वस्त कीबोर्डांत जागा वाचवण्यासाठी नेमक्या याच उजव्या टोकाच्या कळा अरुंद केलेल्या असतात. इंग्रजीत त्या कळांवर विरामचिन्हे असल्यामुळे इंग्रजी टंकलेखकाला फरक जाणवत नाही, पण मराठी टंकलेखकाची करंगळी दर दुसऱ्या शब्दाला चुकते. म्हणून एका अक्षरकळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सुमारे १९ मिलिमीटर असले पाहिजे, आणि उजवीकडच्या शेवटच्या कळांपर्यंत तेवढेच राहिले पाहिजे.

दुभागलेल्या कीबोर्डवर आणखी एक गोष्ट तपासावी. बहुतेक अशा कीबोर्डांत इंग्रजी ‘बी’ची कळ डाव्या भागात असते. इनस्क्रिप्टमध्ये तिच्यावर ‘व’ आहे. बरेच जण ‘व’ उजव्या तर्जनीने दाबतात. त्यांचे बोट दोन भागांमधल्या रिकाम्या जागेत पडते. मराठीत ‘व’ किती वेळा येतो हे सांगायला नको. सवय बदलण्याची तयारी असेल तरच दुभागलेला कीबोर्ड घ्यावा.

जे मराठी उच्चारानुसार रोमन अक्षरांत टंकित करून देवनागरी मिळवतात त्यांना ही अडचण येत नाही. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की वक्र कीबोर्डच्या मधल्या कळा तिरप्या किंवा जास्त रुंद असतात आणि चौकोनी स्टिकर त्यांवर नीट बसत नाहीत.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा, म्हणजे जीसीसी-टीबीसी, देणाऱ्या विद्यार्थ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की परीक्षा होईपर्यंत सरळ, पूर्ण आकाराच्या साध्या कीबोर्डवरच सराव ठेवावा. परीक्षा केंद्रावर तसाच कीबोर्ड समोर येण्याची शक्यता अधिक असते आणि तेथे मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग गाठायचा असतो.

५. कीबोर्डचा आकार आणि कळा

मायक्रोसॉफ्टने १९९४ साली ‘नॅचरल कीबोर्ड’ आणला, तेव्हापासून दुभागलेला, मध्ये उंचवटा असलेला आकार लोकांच्या ओळखीचा झाला. लॉजिटेकचा ‘अर्गो के-८६०’ हा त्याच घडणीचा आहे, आणि त्याच कंपनीचा ‘वेव्ह कीज’ हा न दुभागता केवळ लाटेसारखा वक्र केलेला आहे. दुभागल्यामुळे मनगट बाजूला वाकत नाही, उंचवट्यामुळे हाताची पिळवणूक कमी होते. पण हा लाभ दहाही बोटांनी, कळांकडे न पाहता टंकित करणाऱ्यांनाच पुरेपूर मिळतो. दोन-चार बोटांनी काम करणाऱ्यांचे हात सगळीकडे फिरत असतात. त्यांना दुभागलेला कीबोर्ड अडथळा वाटतो. त्यांनी सपाट, अरुंद आणि कमी उंचीचा कीबोर्ड घ्यावा आणि वाचलेले पैसे माऊसवर खर्च करावेत. पूर्ण सवय असलेल्यांनीही एकदम दुभागलेल्याकडे जाण्याऐवजी वक्र कीबोर्डपासून सुरुवात केली तर हात लवकर रुळतो.

मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नावाचे कीबोर्ड-माऊस बंद करत असल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले आणि पुढे ती उत्पादने इनकेस या कंपनीच्या नावाने देण्याचे ठरले. त्यामुळे मायक्रोसॉफ्टचा जुना साठा सवलतीत मिळत असेल तर वॉरंटीची जबाबदारी कोणाची हे बिलावर लिहून घ्यावे.

कीबोर्डच्या मागचे पाय उघडू नयेत. ते उघडल्याने कळा दिसायला सोप्या होतात, पण मनगट जास्त मागे वाकते. काही चांगल्या कीबोर्डांना पाय पुढच्या बाजूला, तळव्याच्या टेकूखाली असतात. ते उघडले की कीबोर्ड मागे उतरता होतो आणि मनगट सरळ राहते. तळव्याच्या टेकूवर हात टंकित करताना टेकवायचा नसतो, मधल्या विश्रांतीत टेकवायचा असतो, आणि तोही तळव्याचा मांसल भाग. मनगटाची आतील बाजू कधीही नाही.

६. माऊस हाताच्या मापाने घ्या

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजावी. लहान हाताला मोठा माऊस दिला तर बोटे ताणली जातात, मोठ्या हाताला लहान माऊस दिला तर पंजा आकसून धरावा लागतो. लॅपटॉपच्या पिशवीत मावणारे चपटे माऊस प्रवासासाठी ठीक आहेत, दिवसभराच्या कामासाठी नाहीत.

उभा माऊस आपण हस्तांदोलन करताना हात धरतो तसा धरायचा असतो, त्यामुळे हाताचा पीळ कमी होतो. लॉजिटेकचे ‘लिफ्ट’ आणि ‘एमएक्स व्हर्टिकल’ हे दोन्ही ५७ अंशांच्या कोनात आहेत. पहिला १९ सेंटिमीटरपर्यंतच्या लहान-मध्यम हातांसाठी, दुसरा मोठ्या हातांसाठी. ‘लिफ्ट’ डावखुऱ्यांसाठीही मिळतो, आणि डावखुऱ्यांनी हे आवर्जून विचारावे, कारण उभे माऊस जवळपास सगळे उजव्या हाताचेच असतात. स्वस्त उभे माऊसही मिळतात आणि त्यांतले काही कामचलाऊ असतात, परंतु त्यांची घडण बहुधा मोठ्या हातासाठी केलेली असते. लहान हाताच्या व्यक्तीचा अंगठा बाजूच्या बटणांपर्यंत पोहोचत नाही आणि करंगळी टेबलावर घासत राहते.

उभा माऊस हातात घेऊन तीन कामे करून पाहावीत: एक लहान चौकोन अचूक टिचकवणे, लांब यादी चाकाने खाली नेणे आणि फाइल ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकणे. बटण दाबताना माऊसच बाजूला सरकत असेल तर तो फार हलका आहे किंवा हाताला मोठा आहे.

जागा अरुंद असेल तर ट्रॅकबॉल पाहावा. लॉजिटेकच्या ‘अर्गो एम-५७५’मध्ये माऊस जागचा हलत नाही, अंगठ्याने गोळा फिरवायचा असतो. सेवा केंद्रातील छोट्या टेबलावर, जेथे शेजारी बोटांचे ठसे घेण्याचे यंत्र, प्रिंटर आणि कागदांचे गठ्ठे असतात, तेथे तो फार सोयीचा पडतो.

७. जोडणी: डोंगल की ब्लूटूथ

वायरलेस जोडणीचे दोन प्रकार आहेत. एकात यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर मिळतो, ज्याला आपण डोंगल म्हणतो. दुसऱ्यात ब्लूटूथ असते. जुन्या डेस्कटॉप संगणकांत बहुधा ब्लूटूथ नसते, म्हणून तेथे डोंगलच हवा. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हीवर तोच कीबोर्ड वापरायचा असेल तर ब्लूटूथ असलेला घ्यावा. संगणक सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही, त्यामुळे जुना वायरचा कीबोर्ड फेकून देऊ नये.

डोंगल हरवला तर स्वस्त जोडीतला कीबोर्ड आणि माऊस दोन्ही निकामी होतात, कारण तो सुटा मिळत नाही. लॉजिटेकच्या ‘युनिफाइंग’ आणि ‘बोल्ट’ या रिसीव्हरना प्रत्येकी सहा उपकरणे जोडता येतात आणि ते सुटेही मिळतात. मात्र एकाची उपकरणे दुसऱ्याला चालत नाहीत.

माऊसचा बाण अडखळत असेल तर दोष माऊसचाच असेल असे नाही. यूएसबी ३.० च्या निळ्या जागेत पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असली की तिच्यामुळे डोंगल ज्यांवर चालतो त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येतो. डोंगल लांबच्या यूएसबी २.० जागेत लावावा किंवा छोट्या एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणावा. संगणक लोखंडी टेबलाखाली असेल तर ही केबल लावावीच.

सुरक्षेचा मुद्दा सेवा केंद्रांसाठी आणि हिशेबनिसांसाठी महत्त्वाचा आहे. २०१६ साली बॅस्टिल या सुरक्षा कंपनीने ‘माऊसजॅक’ नावाने दाखवून दिले की अनेक कंपन्यांच्या डोंगलना दुरून खोट्या कळा पाठवता येतात. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे पासवर्ड टंकित होतात, तेथे खोक्यावर एईएस एन्क्रिप्शनचा, म्हणजे कळांचे संदेश सांकेतिक करून पाठवण्याच्या पद्धतीचा, उल्लेख असलेला किंवा ब्लूटूथचा कीबोर्डच वापरावा, अनोळखी नावाचा अगदी स्वस्त कीबोर्ड कदापि नाही.

८. आपला उन्हाळा, धूळ आणि रुई

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त उष्मा असतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून आत बॅटरी असलेली साधने सकाळी किंवा रात्री चार्ज करावीत आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. मला आपल्याकडे सेलवर चालणारी साधने अधिक व्यवहार्य वाटतात: वीज गेली तरी अडत नाही, सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात, आणि बॅटरी जीर्ण झाली म्हणून संपूर्ण माऊस टाकावा लागत नाही. काही आठवडे काम बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत, कारण उष्णतेत ते पाझरतात आणि आतल्या स्प्रिंगवर हिरवट थर चढतो.

मऊ रबराचा मुलामा असलेले माऊस दुकानात हाताला फार चांगले वाटतात, पण घाम आणि उष्णता यांनी तो मुलामा दोन-तीन वर्षांत चिकट होतो. खरखरीत साधे प्लास्टिक जास्त टिकते. कूलरचा ओला झोत थेट कीबोर्डवर येणार नाही असे बसावे.

जिनिंगच्या कार्यालयात रुईचे तंतू सगळीकडे शिरतात. माऊसच्या पोटाशी सेन्सरचे जे छिद्र असते त्यात एखादा तंतू अडकला की बाण जागच्या जागी थरथरतो, आणि लोक माऊस बिघडला समजून नवीन आणतात. आधी माऊस उलटा करून उजेडात ते छिद्र पाहावे आणि मऊ ब्रशने तंतू काढावा. काचेच्या टेबलावर साधा माऊस चालत नाही आणि चकचकीत सनमायकावर बाण उडतो. तेथे कापडी माऊसपॅड लागतोच.

९. खरेदी आणि कागदपत्रे

शक्य असेल तर वस्तू हातात घेऊन पाहावी. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी साधे वायरलेस संच सहज पाहायला मिळतात. दुभागलेले कीबोर्ड आणि चांगले उभे माऊस बहुधा मागवावे लागतात. ऑनलाइन मागवताना ‘परत घेणे’ आणि ‘बदलून देणे’ यांतला फरक वाचावा. बदलून देण्याच्या अटीत तीच वस्तू पुन्हा मिळते. हाताला न मानवल्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा ठेवावा: आधी खुर्ची-टेबलाची उंची, मग ज्यावर हात जास्त वेळ असतो ती वस्तू. अर्ज भरणाऱ्यांसाठी ती बहुधा माऊस असते, टंकलेखकांसाठी कीबोर्ड. एकाच खोक्यातला संच स्वस्त पडतो, परंतु त्यातला माऊस सहसा लहान आणि चपटा असतो.

खोके उघडण्यापूर्वी आणि नंतर पुढील बाबी पाहाव्यात आणि कागद जपून ठेवावेत:

- जीएसटी क्रमांक, मॉडेलचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असलेले पक्के बिल. हातचिठ्ठीवर वॉरंटी मिळत नाही.
- वॉरंटी कार्ड किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर केलेल्या नोंदणीची प्रत.
- खोक्यावर कमाल किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक.
- कीबोर्डवर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. वायरलेस कीबोर्ड सक्तीच्या नोंदणी आदेशात येतात, आणि हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.
- सेलच्या झाकणाआड ठेवलेला डोंगल. तो सापडला नाही म्हणून खोके फेकून देणारे बरेच आहेत.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

१०. पहिले काही आठवडे

नवा आकार हाताशी आल्यावर वेग कमी होतो आणि चुका वाढतात. मार्च अखेरीस, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेजवळ किंवा कापसाच्या ऐन हंगामात बदल करू नये. सुरुवातीला अर्धा दिवस नवीन आणि अर्धा दिवस जुने साधन वापरावे. उभ्या माऊसने पहिल्या आठवड्यात दंडाचे स्नायू किंचित अवघडतात, कारण हालचाल मनगटाऐवजी कोपरापासून होऊ लागते. हे अवघडलेपण ओसरते. मात्र जुने दुखणे वाढत असेल किंवा नवीन ठिकाणी बधिरता येत असेल, तर वापर थांबवून परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी निर्णय घ्यावा.

बाणाचा वेग सेटिंगमध्ये जाऊन वाढवावा, म्हणजे पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला माऊस उचलावा लागत नाही. ८०० ते १६०० डीपीआय (माऊसच्या संवेदनशीलतेचे माप) बहुतेकांना पुरते. माऊस कीबोर्डच्या अगदी कडेला आणि त्याच उंचीवर ठेवावा. नंबर पॅड असलेला कीबोर्ड असेल तर तो सरकवून अक्षरांचा भाग पडद्याच्या मध्याशी आणावा. ‘जी’ आणि ‘एच’ या कळांमधली रेघ आपल्या नाभीसमोर आली की मांडणी बरोबर झाली असे समजावे. आठवड्यातून एकदा सेल काढून, कीबोर्ड उलटा करून हळूच झटकावा आणि कळांमधून कोरडा ब्रश फिरवावा. ओले फडके फक्त पिळून, कळांच्या वरच्या पृष्ठभागावरच वापरावे.